रानातलं गरम पाणी

तापलेल्या ट्रॅक्टरचं झाकण उघडू नये, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. आणि माझ्या डाव्या मनगटावरचा डाग बघून कुणीही ओळखेल की मी स्वतः ते पाळलेलं नाही. रेडिएटरचं काम करणाऱ्याच्या हातावर असा एक तरी डाग असतोच. नसला तर त्याच्याकडं काम देऊ नका, गडी अजून कच्चा आहे.

तुळजापुरात सोलापूर रस्त्याला माझा गाळा. आता तिथं माझा भाचा बसतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटचे सल्ले देतो. माझे अब्बा कल्हईवाले. भाता, कोळसा, नवसागर आणि कथलाची कांडी घेऊन ते गावोगाव फिरायचे. पुढं घरोघरी स्टील आलं आणि कल्हईला कुणी बोलवेना. अशात एक शेतकरी गळका रेडिएटर खांद्यावर टाकून आमच्या दारात आला. अब्बांनी तो उलटासुलटा करून बघितला. तांबं, पितळ आणि सांधे जोडायला कथलाची झाळ. म्हणाले, "अरे, ये तो हांडाच है. बस, इसको चाकं लग गए." त्या दिवसापासून आमच्या घरात चूल पेटली ती ट्रॅक्टरवर.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन चाललं की तापतं, म्हणून त्याच्या अंगात पाणी खेळवलेलं असतं. ते पाणी इंजिनाची आग घेऊन पुढच्या जाळीत येतं. जाळीत बारीक चपट्या नळ्या असतात. पंखा समोरचा वारा ओढतो, पाणी नळ्यांतून खाली उतरेपर्यंत निवतं आणि परत इंजिनात जातं. तेच पाणी दिवसभर असं फेऱ्या मारत राहतं. आता आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. न्हाणीतल्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच या नळ्यांतही बसतो. नळ्या बुजल्या की पाणी उतरत नाही आणि ट्रॅक्टर उकळायला लागतो. मग मी झाळ सोडवून वरची टाकी काढतो, एकेका नळीत चपटी सळई घालून खरवडतो, धुण्याच्या सोड्यानं धुतो आणि टाकी परत झाळतो. सगळा धंदा एवढाच आहे.

एक गोष्ट मात्र लोकांना पटवता पटवता माझे केस पिकले. पाणी एकदा तापलं की त्यातला क्षार बाहेर पडून बसतो. जेवढा होता तेवढाच बसतो. पुढं तेच पाणी आत राहिलं तर नवा थर चढायला काही उरतच नाही. म्हणून जुन्या ट्रॅक्टरचं पाणी ऊठसूट बदलू नये. कमी झालं तेवढीच भर घालावी, आणि जमलं तर पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी साठवून ते घालावं. लोकांना वाटतं, ताजं पाणी म्हणजे चांगलं पाणी. माणसाचं ठीक आहे, पण रेडिएटरला शिळंच मानवतं.

माणसं काय काय करतात म्हणून सांगू! एकानं गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद ओतली. हा तोडगा आमच्याकडं बरेच जण करतात, आणि चिमूटभर हळदीनं बारीक भोक बुजतंही. या गड्यानं अख्खा डबा रिकामा केला होता. झाकण उघडलं तर आत घट्ट पिवळा गोळा, आणि गाळ्यात असा वास सुटला की शेजारचा टायरवाला ताट आणू का म्हणून विचारायला आला. दुसरं एक कुटुंब खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून देवीला निघालं होतं. घरच्या बाईंनी हौसेनं नवी जरीची साडी घड्या घालून समोरच्या जाळीवर बांधली होती. ट्रॅक्टर माझ्या दारापर्यंत वाफा सोडत आला. सणाच्या दिवशी देवीच्या नावानं बांधलेली साडी सोडा म्हणायला जीभ रेटेना. शेवटी म्हणालो, "ताई, साडी फार शोभते, पण हा इथून श्वास घेतो. तुम्ही त्याचं नाकच बांधलंय." बाईंनी जाळीकडं बघितलं, स्वतःच्या नाकाला पदर लावून बघितला आणि हसत साडी सोडून बॉनेटवर बांधली. "मग हितं चालंल का?" म्हणाल्या. मी म्हणालो, तिथं आणखी शोभते.

पण मला सांगायचंय ते तामलवाडीच्या निवृत्तीअप्पांबद्दल.

अप्पांचा ट्रॅक्टर निळा आणि त्यांच्या मुलाहून, म्हणजे सतीशहून, वयानं मोठा. असल्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालंय. पण अप्पांनी तो असा ठेवला होता की कुठंही हात लावा, काळं लागायचं नाही. घरात सतीशचा नवा ट्रॅक्टर आला तरी वस्तीजवळचं शेत अप्पा जुन्यावरच करायचे. माणूस कमी बोलणारा. गाळ्यावर आले की रेडिएटर खाली ठेवून म्हणायचे, "बघा मिस्त्री, तापायलंय." एवढंच.

मी पेरणीआधी साफ करून दिलेला रेडिएटर दसऱ्याला परत बुजलेला. दसऱ्याला साफ केला, तर संक्रांतीला पुन्हा नळ्यांत खडूसारखा पांढरा थर. माझं डोकं चालेना. पंप बघितला, पट्टा बघितला, पंख्याची पाती बघितली, कुठं गळतंय का बघितलं. सगळं ठणठणीत.

"अप्पा, पाणी बदलता का हो?"

"न्हाय." हे म्हणताना ते माझ्याकडं न बघता टायरच्या ढिगाकडं बघायचे.

मग मी कुलंट घालायचा आग्रह धरला. हे औषध घातलेलं हिरवं पाणी. त्यानं क्षार धरत नाही, गंज चढत नाही. नव्या ट्रॅक्टरला तेच असतं. अप्पा एरवी माझा शब्द खाली पडू देत नसत, पण कुलंटचं नाव काढलं की मान हलवायचे. "त्ये हिरवं पाणी नगं." एकदा मी डबा गुपचूप त्यांच्या सीटखाली ठेवला. रस्त्याच्या वळणावरून ते परत आले, डबा माझ्या बाकड्यावर ठेवला आणि निघून गेले. मला रागच आला. म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला सतीश अप्पांना मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आला. अप्पांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. नांगरताना ट्रॅक्टर उकळला, झाकणातून फवारा उडाला आणि हात भाजला. शेतात ते एकटेच होते.

"चाचा, तुमीच सांगा ह्यांला," सतीश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. "तापून तडकलं म्हणून इंजिनाचं हेड एकदा वेल्डिंग केलंय, दुसरं मिळत न्हाय. त्येचं जाऊ द्या. उद्या तोंडावर उडालं तर? आणखी एक बार तापला की मी त्यो भंगारात घालणार. लोखंडापायी बाप भाजू देऊ का मी?"

पोरगा चुकीचं काहीच बोलत नव्हता. अप्पा गाळ्यासमोरच्या लिंबाखाली बसून होते. सतीश पाणी प्यायला गेला तसे ते उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, ह्या बारीला चांगला करून द्या. त्यो गेला तर लई अवघड हुईल." इतकी वर्षं ओळख, पण त्या माणसाला विनवणी करताना मी पहिल्यांदा बघितलं.

रेडिएटर साफ झाला तसा मी स्वतःच बसवायला गेलो. नळ्यांत काय भरतंय ते मला कळलं होतं, का भरतंय ते वस्तीवर गेल्याशिवाय कळणार नव्हतं. बसवला, चालवून बघितला, आणि परत निघतो म्हणून मोटारसायकल वळवली. गावात बराच वेळ एकाकडं थांबून सडकेला लागल्यावर आठवलं, पाना तिथंच राहिला. परतलो तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. अप्पा एक चक्कर नांगरून नुकतेच आले होते. ट्रॅक्टर अंगणात उभा, आणि अप्पा त्याच्या पोटाशी उकिडवे बसलेले. रेडिएटरच्या खालच्या तोटीला सायकलची ट्यूब लावलेली आणि ट्यूबखाली पितळी घागर. तोटीतून वाफाळतं पाणी घागरीत पडत होतं.

मी गाडी सडकेलाच ठेवून चालत आलो होतो, त्यामुळं त्यांना चाहूल लागली नाही.

अप्पांनी पट्टी बांधलेल्या हाताला फडकं गुंडाळून घागर उचलली आणि ओट्यापाशी नेली. ओट्यावर बाजेवर माई बसलेल्या, म्हणजे अप्पांची बायको. माईंचे गुडघे कामातून गेले होते, ओट्याखाली उतरणंही होत नव्हतं. खाली घमेलं होतं. अप्पांनी त्यात गार पाणी घातलं, मग गरम घातलं, डावा हात बुडवून बघितलं आणि माईंचे पाय दोन्ही हातांनी धरून आत ठेवले. माईंनी डोळे मिटले.

"आज लई कढत न्हाय," त्या म्हणाल्या. "लांब गेला न्हाई वाटतं?"

"मिस्त्री आल्ते. एकच चक्कर मारली."

"वरच्या तुकड्यात?"

"व्हय."

"वाटलंच मला. खालच्या काळ्या रानातनं आला की पाणी कसं चटका देतंय."

माईंना रानात जाणं बंद होऊन बराच काळ झाला होता. पण कुठल्या तुकड्यात नांगर चालला, जमीन काळी जड लागली की हलकी, दिवसभर काम झालं की मधेच थांबलं, हे त्यांना पाण्यावरून कळत होतं. अप्पा मुळात बोलणारे नव्हेत. दिवसभराचं जे काही सांगायचं ते घागरीतून घरी यायचं.

आणि तेच पाणी माझ्या नळ्या बुजवत होतं. रोज संध्याकाळी जुनं पाणी काढायचं, रोज सकाळी बोअरचं नवं भरायचं. रोज नवा क्षार. आणि कुलंट का नको तेही उमगलं. रसायनांचं ते हिरवं विष माईंच्या पायांवर कसं ओतणार?

मला बघून अप्पा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. माईच म्हणाल्या, "या की मिस्त्री, बसा. च्या घ्या."

मी ओट्यावर टेकलो. म्हणालो, "अप्पा, घरात गॅस आहे, गिझर आहे. मग हे कशाला?"

उत्तर माईंनी दिलं. "गिझरच्या पाण्यात काय कळतंय वो? रोज एकसारकं."

अप्पा पुन्हा घमेल्यापाशी बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, ह्यो ट्रॅक्टर घेतला तवा बोअर न्हवतं, पायपलाइन न्हवती. हीर खाली, रान वर. अन् ह्येची जाळी तवा गळकी. म्या वर बसून नांगरायचो, अन् ही डोक्यावर हीच घागर घिऊन बांध चढायची, ह्येला पाणी पाजायला. दिसातनं किती बार, त्येला गिनती न्हाय. तवा म्या कधी म्हणलो न्हाय, थांब, म्या आणतो." त्यांनी डाव्या हातानं माईंच्या गुडघ्यावर पाणी सोडलं. "हिचे गुडघे ह्येनं पिलेत. मंग आता ह्येचं पाणी हिला नगं का द्यायला?"

माई म्हणाल्या, "काय बी बोलतात. म्हातारपणी गुडघे जातातच की." पण पदर डोळ्याला लावला.

चहा घेतला, पाना उचलला आणि निघालो. वाटेत एकच विचार: पाणी काढू नका म्हटलं तर माईंचं रान जातं, काढू द्यावं तर ट्रॅक्टर जातो आणि एखादे दिवशी अप्पाही भाजतात.

तोडगा निघाला तो अब्बांच्या पेटीतून. कथलाची कांडी शोधायला पेटी उघडली आणि बाजूला तांब्याच्या नळीचं वेटोळं सापडलं. मोटारीत थंडीच्या दिवसांत गरम हवा येते, ती इंजिनाच्या पाण्याचीच ऊब असते. पाणी बाहेर येत नाही, नुसती ऊब येते. मग हवेच्या जागी पाणी का नको? घागरीच्या पोटात वेटोळं बसवायचं, त्यातून इंजिनाचं पाणी फिरवायचं. घागरीतलं पाणी वेगळं, नळीतलं वेगळं. एक दुसऱ्याला तापवेल, पण शिवणार नाही.

त्यासाठी घागर कापावी लागणार होती. दुसरं भांडं चाललं असतं, तरी मी वस्तीवर जाऊन ही घागर मागितली. माईंनी ती मांडीवर घेतली, बुडाच्या चेपलेल्या जागेवरून हात फिरवला आणि माझ्या हातात दिली. "न्या. माज्या डोक्यावरनं उतरली, आता त्येच्या डोक्यावर बसू द्या."

त्या कामाला मी भाच्याला हात लावू दिला नाही. बूड काढलं, वेटोळं बसवलं, झाळलं, खाली एक तोटी लावली आणि आतून कल्हई केली. किती वर्षांनी कल्हई करत होतो! नवसागराचा पांढरा धूर उठला आणि पितळेवर कथील चांदीसारखं पसरलं, तेव्हा अब्बा मागं उभे आहेत असं वाटलं. घागर सीटशेजारी लोखंडी पट्टीनं पक्की केली आणि इंजिनापासून वेटोळ्यापर्यंत दोन रबरी नळ्या आणल्या. रेडिएटरमध्ये हिरवं कुलंट भरलं. या वेळी अप्पांनी स्वतः डबा ओतला.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे ओट्यापाशी जमलो. सतीशला सगळं कळलं होतं. तो मान खाली घालून एका बाजूला उभा होता. अप्पा काळं रान नांगरून आले. घागरीच्या तोटीतून पाणी कळशीत घेतलं, कळशी माईंपाशी नेऊन घमेल्यात ओतली. माईंनी पाय बुडवले.

"गरम हाय का?" अप्पांनी विचारलं.

"हाय की. चांगलं कढत हाय." माईंनी वाकून हुंगलं. "पर ह्ये रानातलं वाटंना. वास न्हाय."

मी माझ्या कारागिरीवर खूश होऊन उभा होतो, तो जागीच गार झालो. जुन्या पाण्याला लोखंडाचा, ग्रीसचा, डिझेलचा वास असायचा. आता पाणी निर्मळ होतं. माझ्या सगळ्या हुशारीनं तेवढं एक पुसून टाकलं होतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यावर माझ्याकडं उपाय नव्हता.

पुढच्या वेळी अप्पा गाळ्यावर आले ते काही काम नसताना. म्हणाले, "मिस्त्री, जमलं." कसं म्हणून विचारलं तर सांगेनात. खोदून खोदून विचारलं तेव्हा इकडंतिकडं बघून, नव्या नवरदेवागत लाजत म्हणाले, "हात धूत न्हाय. तसंच ग्रीसच्या हातानं कळशी आणतो, अन् त्याच हातानं पाय धरतो. काय बोलली न्हाय पुन्यांदा."

ट्रॅक्टर त्यानंतर तापला नाही. सतीशनंही भंगाराचं नाव काढलं नाही. खरं म्हणजे माझं गिऱ्हाईकच गेलं, पण इतक्या आनंदानं मी कुठलंच गिऱ्हाईक गमावलेलं नाही.

आता माझं काम जवळजवळ संपलंय. नव्या रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, जाळी ॲल्युमिनियमची. त्यांना झाळ लागत नाही. बिघडलं की काढून टाकायचं, नवं बसवायचं. भाचा तेच करतो आणि बरोबर करतो. माझ्या हातातली विद्या आमच्या घराण्यात आता पुढं जाणार नाही, याचं वाईट वाटतं.

निवृत्तीअप्पा गेल्या थंडीत गेले. झोपेतच गेले. मातीला गेलो होतो, पण त्यानंतर वस्तीवर जायचा धीर होत नव्हता. परवा दसऱ्याच्या आधी गेलो. माई ओट्यावर त्याच बाजेवर होत्या. खूप वाळल्यात. मी ओट्याच्या कडेला टेकलो. अंगणात सतीशचा नवा ट्रॅक्टर उभा होता, आणि निळ्याची जागा रिकामी होती. मला वाटलं, विकला.

तेवढ्यात सडकेच्या बाजूनं इंजिनाचा तो ओळखीचा ठोका ऐकू आला. माईंनी हातानं पाय उचलून बाजेखाली सोडले.

सतीश निळा ट्रॅक्टर घेऊन अंगणात आला. सीटशेजारी घागर होती. मला बघून हसला. म्हणाला, "चाचा, ह्येला आता काम काय न्हाय. नांगरट सगळी नव्यानंच हुती. पर सांजच्याला एक चक्कर मारून आणतो. आई वाट बघती." मी म्हणालो, "वरच्या तुकड्यात?" तर म्हणाला, "न्हाय, खालच्या. काळ्या रानात. पाणी चांगलं तापतंय."

तो खाली उतरला. हात ग्रीसनं काळे झाले होते. शिस्तीचा पोरगा, नळाकडं गेला, नळ सोडला आणि कोनाड्यातल्या साबणाला हात घातला.

"साबण राहू दे," माई ओट्यावरून म्हणाल्या. "आधी पाणी आण."

माई असं का म्हणाल्या ते सतीशला ठाऊक असेल असं वाटत नाही. मला ठाऊक होतं. त्यानं नळ बंद केला आणि तशाच काळ्या हातांनी कळशी उचलून घागरीपाशी गेला.